माझा जीव पिठाच्या डब्याशेजारी

मित्रांनो, अंगणाच्या टोकाला पत्र्याची एक शेड आहे. आत शिरलात की फावडं आणि झारी यांच्यामध्ये खिळ्याला लटकलेली, तोंड म्यानात घातलेली जी दिसते ना, ती मी. एकेकाळी माझा रंग पिकल्या संत्र्यासारखा होता. आता तो विटला आहे, आणि मुठीवर जिथे हात पडे तिथे तर तो उरलेलाच नाही. मी साखळीची करवत आहे, बॅटरीवर चालणारी. बाजारात मला चेनसॉ म्हणतात. पण ज्या घरात माझं आयुष्य गेलं, त्या घरात मला या नावानं कुणी हाक मारली नाही. तिथे मी 'बाईसाहेब' होते.

तुम्ही राक्षसाच्या गोष्टी ऐकल्या असतील. राक्षस राहतो एकीकडे आणि त्याचा जीव असतो भलतीकडेच, पोपटात नाहीतर भुंग्यात. माझंही तसंच होतं. मी शेडमध्ये आणि माझा जीव स्वयंपाकघरात, फळीवर, पिठाच्या डब्याशेजारी. असं का, तेच आज सांगते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी वेगळी, साखळी वेगळ्या पिशवीत, बॅटरी तिसऱ्याच कप्प्यात, असं मला पुठ्ठ्याच्या खोक्यात निजवलं होतं. दुकानात माझ्या शेजारी पेट्रोलवर चालणाऱ्या दांडग्या करवती होत्या. गिऱ्हाईक आलं की दुकानदार त्यांच्या पाठीवर हात ठेवून बोले, आणि माझ्या खोक्याकडे बोट दाखवून म्हणे, "ही आपली घरगुती." मला फार वाईट वाटे.

एक दिवस उंच, किंचित वाकलेले एक गृहस्थ आले. पाणीपुरवठ्याच्या पंपावर त्यांनी आयुष्यभर नोकरी केली होती आणि नुकतेच ते घरी बसले होते. सगळे त्यांना पंपकाका म्हणत. पंपांच्या घरघरीत जन्म गेल्यामुळे त्यांना जरा कमी ऐकू येई, आणि म्हणून ते मोठ्यानं बोलत. त्यांच्या मागे काकू होत्या, बुटक्याशा, हळू आवाजाच्या.

"काका, पेट्रोलवाली न्या. दणक्यात चालते," दुकानदार म्हणाला.

"दणका पुष्कळ ऐकला बाबा. आता गप्प बसणारी हवी."

दुकानदारानं माझी नमुन्याला ठेवलेली बहीण चालवून दाखवली. बोट काढलं तशी ती तत्क्षणी शांत झाली. काकांचा चेहरा फुलला. "पाहिलंस? बोट काढलं की गप्प! आपल्या घरात आहे का असं कुणी?"

"तुम्ही तर नाहीच," काकू म्हणाल्या.

दुकानदार हसला. पण काकूंचं बोलणं संपलं नव्हतं. त्यांनी खोक्यावरचं चित्र नीट पाहिलं आणि त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "ही बॅटरी निघते ना यातून? मग घ्या. यंत्र तुमच्याकडे, बॅटरी माझ्याकडे."

"आणि ती का म्हणून?"

"लिंबाचं झाड आठवतंय ना?"

काकांनी खिशातून पाकीट काढलं. ते झाड मी पाहिलेलं नाही, पण त्याच्याबद्दल पुढे इतक्यांदा ऐकलं की त्याचा वासही मला ओळखीचा वाटतो. कधी काळी काकू माहेरी गेल्या असताना काकांनी हौसेनं कुऱ्हाड घेतली होती. अंगणात हवा खेळती राहावी म्हणून चार फांद्या उतरवायच्या होत्या. एक फांदी जास्त गेली, मग दुसरी बाजू तिच्याशी बरोबर करावी लागली, मग पुन्हा पहिली. काकू परत आल्या तेव्हा अंगणात हवा खेळत होती आणि झाड नव्हतं.

तेव्हापासूनचा हिशेब काकूंनी असा मिटवला. माझा जीव पिठाच्या डब्याशेजारी जाऊन बसला.

पहिल्या दिवशी काय गंमत झाली सांगू? सोबतचा सूचनांचा कागद काकांनी न वाचताच बाजूला सारला. "एवढे मोठे पंप खोलून जोडले, हिला काय कागद वाचायचा!" त्यांनी पट्टी बसवली, साखळी चढवली, तेल भरलं आणि एका जाड ओंडक्यावर मला टेकवलं. मी जिवाच्या आकांतानं फिरले, पण ओंडका काही कापला जाईना. नुसता धूर. काकांनी आणखी जोर लावला, आणखी धूर झाला. साखळी उलटी चढली होती हो! माझे दात पुढे पाहायचे ते मागे पाहत होते.

काकू खिडकीतून म्हणाल्या, "अहो, करवत आणलीत का चूल?"

काकांनी साखळीकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि असे हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. काकूही हसल्या, पदर तोंडाला लावून, आवाज न करता, खांदे हलवत. मित्रांनो, माझा जन्म कारखान्यात झाला असेल, पण माझं आयुष्य त्या हसण्यापासून सुरू झालं असं मी समजते.

मग वर्षानुवर्षं आमचा एक नेम चालला. काकांना काही कापायचं असलं की ते मला खिळ्यावरून उतरवत, म्यान काढत, साखळीचा ताण बोटानं उचलून बघत आणि मला घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहत. "अगं, बाईसाहेबांचा जीव दे."

काकू हातातलं काम न थांबवता विचारत, "कुठं?"

"मागच्या कुंपणाशी. वाळलेलं खोड."

"किती?"

"गुडघ्याएवढं ठेवतो."

"कशाला?"

"कुंपणाच्या तारेवर कलतंय."

मग काकू हात पुसून बॅटरी काढत. तिच्यावरचे चार हिरवे दिवे एकदा बघत आणि काकांच्या हातावर ठेवत. कधी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पटलं नाही तर बॅटरी फळीवरून हलत नसे. "बरं दिसेल म्हणून" हे उत्तर तर त्या घरात कधीच चाललं नाही. काका कुरकुरत, पण मला पुन्हा खिळ्याला टांगत. काम झालं की बॅटरी परत फळीवर जाई आणि काका ब्रशनं माझ्या अंगातला भुसा काढत, गोल कानशीनं एकेक दात घासत. देवाची भांडी उजळावीत तितक्या मनोभावे चालायचं ते.

समोरचा गॅरेजवाला आमची चेष्टा करी. त्याच्याकडे पेट्रोलची करवत होती. "पंपकाका, तुमचं हे खेळणं सेलवर चालतं का चावीवर?"

"तुझ्या यंत्राची दोरी ओढून ओढून तुझा खांदा खाली आलाय. आधी तो दाखव डॉक्टरला," काका म्हणत.

एकदा मोठं वादळ झालं. गल्लीच्या तोंडाशीच एक झाड आडवं पडलं. गॅरेजवाल्यानं दोरी ओढली, पुन्हा ओढली, घामाघूम झाला. त्याची करवत नुसती खोकली. तेव्हा काकांनी मला नेलं. मी कापत राहिले, कापत राहिले, आणि अर्ध्यावर माझा जीव संपला. मग काय, बॅटरी भरेपर्यंत अख्खी गल्ली काकूंच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसली. सगळ्यांचे डोळे फळीवरच्या त्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे. गॅरेजवालाही होता. "काकू, अजून एक दिवा राहिला का हो?" असं त्यानं इतक्यांदा विचारलं, की शेवटी काकूंनी त्याच्या हाती दुसरा कप दिला. झाड हललं, रस्ता मोकळा झाला, आणि शेजारच्या घरातलं तान्हं बाळ माझ्या आवाजानं जागंसुद्धा झालं नाही. त्या दिवशी लोक मला हात लावून बघत होते. इतकं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

दिवस असे गेले, की गेलेले कळलेही नाहीत. अंगणातली तुती वाढत वाढत स्वयंपाकघराच्या खिडकीवर आली. तिच्या फळांनी फरशी जांभळी होई आणि काकू ती घासत बसत. त्यांची मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. बापाच्या बरोबरीनं उंच झाली तरी घरात तिचं नाव चिमणीच राहिलं.

आणि काका विसरू लागले.

आधी चष्मा, मग चहात साखर टाकली की नाही ते. काकू हसून घेत. एके दिवशी काका ओंडके कापायला बसले. त्यांनी साखळी काढून साफ केली, परत चढवली आणि मला लाकडावर टेकवलं. धूर निघाला. काकांनी जोर लावला. आणखी धूर निघाला. माझे दात पुन्हा मागे पाहत होते. मी वाट पाहिली, आता काका थांबतील, कपाळाला हात लावतील, हसतील. ते थांबलेच नाहीत. त्या धुराकडे शांतपणे बघत दाबत राहिले, दाबत राहिले. माझी पट्टी तापून निळी पडली.

खिडकीत काकू उभ्या होत्या. बाहेर आल्या, काकांच्या मुठीवर हलकेच हात ठेवला आणि म्हणाल्या, "पुरे आज. जेवायला चला."

त्याच दिवसांत वाऱ्यानं तुतीची खिडकीवरची फांदी चिरली. काका मला घेऊन दाराशी आले. कुठं, किती, सगळं सांगितलं. कशाला, तेही. "तू दिवसभर त्या खिडकीत उभी असतेस. डोक्यात पडेल तुझ्या."

काकूंनी बॅटरीकडे पाहिलं. चारही दिवे हिरवे होते.

"अजून भरली नाही हो," त्या म्हणाल्या.

काका बरं म्हणून परत गेले. दुसऱ्या दिवशी आले. "भरली का?" "नाही हो अजून." तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, तेच. कधीही खोटं न बोललेल्या त्या बाईला ते शब्द किती जड जात होते, हे मी पाहत होते. काकांच्या हाती मला देणं म्हणजे त्यांचं बोट, हात, काय जाईल सांगता येत नव्हतं. आणि गॅरेजवाल्याला बोलवावं, तर काकांच्या अंगणात काकांच्या देखत दुसरा माणूस त्यांचं काम करणार! त्यांचं मन मोडलं असतं. म्हणून काकूंनी आपली शेगडीच दुसऱ्या भिंतीशी हलवली आणि खिडकीखाली उभं राहणं सोडलं. काका येत राहिले. हळूहळू त्यांच्या सांगण्यातून 'कशाला' गळून गेलं. नुसतं "तुतीची फांदी" म्हणत.

मग चिमणी चार दिवसांसाठी आली. बाप तिला म्हणाला, "आपली बॅटरी गेली वाटतं गं. भरतच नाही." पोर मायाळू. आईला न विचारता बाजारात गेली आणि नवी, मोठी बॅटरी घेऊन आली. निघण्याच्या सकाळी बापाच्या हातात ठेवून म्हणाली, "बाबा, आता आईच्या मागे फिरायला नको. ही तुमची तुमच्याकडे." आणि बापाचा आनंद बघून, समाधानानं बसमध्ये बसली.

दुपारी काकू औषधं आणायला बाहेर पडल्या. काका शेडमध्ये आले. नवी बॅटरी त्यांनी माझ्या खोबणीत सरकवली. खट्!

मित्रांनो, कितीतरी दिवसांनी माझ्यात जीव आला. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? पण काकांनी शिडी ओढत नेली आणि जिथे टेकवली ते पाहून तो आनंद पार गळून पडला. जी फांदी कापायची, तिलाच त्यांनी शिडी टेकवली होती. फांदी पडली असती आणि तिच्याबरोबर शिडी, शिडीबरोबर काका, आणि काकांच्या हातात चालू असलेली मी. ओरडावंसं वाटलं. पण मला आवाज फुटतो तो फक्त कापताना.

काकांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. बोट खटक्यावर गेलं. आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं ते मोठ्यानं म्हणाले, "तुतीची फांदी. खिडकीवरची."

थोडं थांबले. "खोडापासून हातभर सोडून."

पुन्हा थांबले. मान तिरकी करून, चांगला कान पुढे करून उभे राहिले. तिसऱ्या प्रश्नाची वाट पाहत होते ते. पानं हलली, रस्त्यावरून कुणाची सायकल गेली. प्रश्न काही आला नाही.

काकांनी पाय खाली घेतला. मला तसंच धरून ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि उभे राहिले. आत कुणी नव्हतं. तरी उभे राहिले.

काकू परतल्या तेव्हा त्यांना आधी शिडी दिसली, मग काका, मग माझ्यातली बॅटरी. हातातली पिशवी त्यांनी खाली ठेवली. आवाज चढवला नाही, पण त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"अहो, हिला बॅटरी कुठून आली?"

"चिमणीनं दिली. ते राहू दे. तू विचारलंच नाहीस."

"काय विचारलं नाही?"

"कुठं ते सांगितलं, किती ते सांगितलं. पुढचं तू विचारलंच नाहीस. मग मी कापू कसा?"

काकूंनी चौकटीचा आधार घेतला. "कशाला कापायचीय फांदी?"

काकांनी तुतीकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. बराच वेळ ते शोधत राहिले. "नाही गं आठवत," ते शेवटी म्हणाले. "मग राहू दे."

त्यांनी कळ दाबून बॅटरी काढली आणि काकूंच्या ओंजळीत ठेवली. "ही पण तुझ्याकडेच असू दे. त्या पिठाच्या डब्यापाशी."

तेव्हा मात्र काकूंचा बांध फुटला. "अहो, ती जुनी भरलेली होती. रोज भरलेली होती. मी खोटं सांगत होते तुम्हाला."

"मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"कानानं कमी ऐकतो मी, डोळ्यांनी बघतो ना! दारातून चारही दिवे हिरवेगार दिसायचे. पण तू इतक्या कष्टानं खोटं बोलायचीस, म्हटलं कशाला मोडता घालायचा." काकांनी माझ्या मुठीवरून हात फिरवला. "मला नीट जमत नाही आता, हो ना?"

"नाही जमत," काकू म्हणाल्या. "पण सांगायला जमतं तुम्हाला. तुम्ही सांगा, दुसरं कुणी कापेल."

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याला बोलावलं. काका अंगणात खुर्ची टाकून बसले, दोन्ही बॅटऱ्या मांडीवर घेऊन. गॅरेजवाला मला हातात धरून समोर उभा. "अरे वा, आज खेळणं माझ्या हातात!"

"कुठं?" काकांनी दरडावून विचारलं. त्यानं सांगितलं. "किती?" तेही सांगितलं. "कशाला?"

"कशाला म्हणजे काय काका? उद्या वारा सुटला तर काकूंच्या डोक्यात पडेल ना ती!"

काकांचा चेहरा सैल झाला, हरवलेली वस्तू हाताला लागावी तसा. "हां. हेच ते. हेच विसरलो होतो मी." त्यांनी नवी बॅटरी पुढे केली. "काप."

शिडी मात्र गॅरेजवाल्यानं खोडाला टेकवली. फांदी पडली. काकूंची शेगडी पुन्हा खिडकीखाली आली.

त्यानंतर काका आणखी काही वर्षं होते. बरंच विसरले, कधी कधी चिमणीचं नावही. पण मला खाली उतरवण्याचा आवाज झाला की खुर्चीतून विचारत, "कशाला?" एका थंडीत तेही थांबलं.

मग मला कुणी हात लावला नाही. साखळीवरचं तेल डिंकासारखं घट्ट झालं, पट्टीवर गंज धरला. जुनी बॅटरी पार रिकामी पडून राहिली आणि हळूहळू मेली. तिला पुन्हा भरायला कुणाचा हात झाला नाही. रागावणार कुणावर? त्या घरात फार शांतता होती. काका माझ्याबद्दल म्हणत तशी, बोट काढल्यासारखी.

परवा चिमणी आली. आता तिचेही केस पांढरे व्हायला लागलेत. तुतीखाली पडलेली वाळकी फांदी तोडून काकूंना अंगणात फिरायला वाट करायची होती तिला. तिनं मला उतरवलं, साखळी काढली, रॉकेलनं पुसली, गंज घासला, परत चढवली. नवी बॅटरी, अर्धी भरलेली राहिल्यानं वाचलेली, फळीवर समोरच होती. हात लांब केला असता तर मिळाली असती. पण ती दाराशी उभी राहिली.

"आई, बाईसाहेबांचा जीव दे."

काकूंनी कुठं विचारलं, किती विचारलं, कशाला विचारलं. मग बॅटरी दिली.

चिमणीनं मला फांदीवर टेकवलं आणि खटका दाबला. मी फिरले. आणि धूर! नुसता धूर!

चिमणी भांबावून माझ्याकडे बघत राहिली. खिडकीतून काकूंचा आवाज आला, थकलेला, पण अगदी तोच. "अगं, करवत आहे का चूल?" आणि मग मी त्यांना पाहिलं. पदर तोंडाला लावलेला, आवाज नाही, नुसते खांदे हलताहेत. "अगदी बापावर गेली आहे गं बाई," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या. चिमणी आधी हसली, मग अंगणातच बसून रडली, मग पुन्हा हसली.

साखळी सुलट झाली. फांदी कापली. चिमणीनं माझा भुसा ब्रशनं काढला, दातांना तेल लावलं आणि मला म्यानात घालून इथे टांगलं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला तेलपाणी करा, तिचे दात घासा, आणि काम नसलं तरी अधूनमधून तिची बॅटरी थोडी भरून ठेवा. पार रिकामी टाकू नका. पण आणखी एक मागणं आहे. तिचा जीव तिच्यापासून थोडा दूर ठेवा, अशा माणसाजवळ, जो देण्याआधी तुम्हाला 'कशाला' विचारेल. त्या माणसाचा राग येईल तुम्हाला. येऊ द्या. पण दाराशी उभं राहायची सवय सोडू नका.

माझा जीव आता फळीवर आहे, अर्धा भरलेला. दोन दिवे हिरवे आहेत. इथून मला ते दिसत नाहीत, पण काकू रोज पीठ काढतात तेव्हा डब्याचं झाकण वाजतं, आणि मला कळतं की तो जागच्या जागी आहे.